मग आम्ही गप्प बसायचं का ओ?

खानापूरकडच्या एक मावशी बेळगावला माझ्याकडे आल्या. मांडीवरची पिशवी शेवटपर्यंत सोडली नाही. आत साखरपुड्यात मुलाला घातलेली अंगठी आणि तिकडून आलेलं सुटाचं कापड. मुलीकडच्यांनी फोनवरच सोयरीक मोडली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मोबाईलमध्ये मुलीचे व्हॉइस मेसेज होते आणि भाचा ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला टपलेला.

"पास्टर म्हणतात, दुसरा गाल पुढे करा. मग गप्प बसायचं का ओ? पोरातच काहीतरी खोट असणार म्हणतील की लोक."

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्यांना हा जाच दुहेरी असतो. अपमान झालेला असतो, वर राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटते.

मी बायबलमधल्या लूकच्या नवव्या अध्यायातली गोष्ट काढली. येशू यरुशलेमेकडे निघालाय म्हणून यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांच्या गावाने त्याला उतरू दिलं नाही. (तोंड कुणीकडे आहे त्यावरून माणूस आपला की परका ते ठरतं, हे सीमाभागात समजवावं लागत नाही.) त्याचे शिष्य याकोब आणि योहान भडकले, आकाशातून अग्नी पाडू का म्हणाले. येशूने त्यांनाच दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले.

"म्हणजे त्या गावाच्या पाया नाही पडला?"

नाही. आग नाही, तशी विनवणीही नाही. आणि आग पाडण्याआधी त्या दोघांनी विचारलं तरी. मावशीही ग्रुपवर टाकण्याआधी इकडे आल्या होत्या.

मग योहान 18:23 वाचायला दिलं. शिपाई थोबाडीत मारतो तेव्हा येशू हात उगारत नाही, पण विचारतो: मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? गालाच्या वचनापेक्षा मला हेच जास्त उपयोगी पडतं.

"तुम्हाला काय विचारायचंय त्यांना?"

बराच वेळ पिशवीचा बंद पिळत बसल्या. "तोंडावर येऊन का नाही सांगितलं?" एवढंच.

तेवढंच कागदावर लिहिलं. आग पाडू का म्हणणाऱ्या त्याच योहानाला पुढे पेत्र या शिष्याबरोबर शोमरोनात प्रार्थनेला पाठवलं, हे बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. ते मात्र मी सांगितलं नाही. ओल्या जखमेला समेटाच्या गोष्टी झोंबतात. मेसेज पुसा असंही त्या दिवशी म्हटलं नाही. रागात वदवून घेतलेला शब्द टिकत नाही.

अंगठी, कापड आणि ती चिठ्ठी पास्टरांच्या हाती गेली. हॉलच्या ॲडव्हान्सचे निम्मे पैसेही मागितले, ते मिळाले. प्रश्नाचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या भेटीआधी मावशींनी भाच्याला समोर बसवून त्याच्या फोनमधलेही मेसेज पुसायला लावले होते.

"त्यांच्या गल्लीतून मात्र जात नाही अजून," म्हणाल्या. "बाजाराला लांबनं जातो आम्ही."

चालेल, म्हटलं.