जर्मन चालू आहे, सोबत जपानी घेऊ का?

कॉलेजची मुलं हमखास विचारतात तो हा प्रश्न. एक परदेशी भाषा शिकतोय, आणखी एक लावू का? यामागे बहुतेक वेळा बायोडेटा असतो. दोन भाषा लिहिल्या की वजन पडेल, असा हिशेब. मध्यंतरी आलेल्या एका मुलीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. जर्मनची ए-टू परीक्षा पास, बी-वनचा क्लास चालू (पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात), आणि आता जपानीचा क्लास लावायचा होता. वडील सोबत होते. "शिकतेय तर शिकू दे की मॅडम, भाषा काय, कधीही उपयोगीच पडते."

मी तिला जर्मनची वही आणायला सांगितली होती. सुरुवातीची पानं तीन रंगांच्या पेनांनी सजवलेली, प्रत्येक नामाचं लिंग वेगळ्या रंगात. विभक्त्या सुरू झाल्या तशी वही एकरंगी झाली, आणि पुढे पुढे तर नुसत्या तारखाच, खाली दोन-चार ओळी. "काल काय केलंस ते जर्मनमध्ये सांग," म्हटलं, तर पहिल्याच वाक्यात 'इश हाबे गेगांगन' म्हणून तिने जीभ चावली. 'जाणे'ला तिथे 'हाबे' नाही, 'बिन' लागतं, हे तिला माहीत होतं. सराव नव्हता.

ए-टू म्हणजे ओळख करून देणं, तिकीट काढणं, रोजचं किरकोळ बोलणं निभावण्यापुरती भाषा. निव्वळ भाषेच्या जोरावर काम मिळतं ते माझ्या पाहण्यात बी-टूच्या अलीकडे क्वचितच. त्यामुळे अर्धवट जर्मन आणि ओळखीपुरती जपानी यांची बेरीज बायोडेटातली एक ओळ भरते, एवढंच. मुलाखत घेणाऱ्याने त्या भाषेत दोन प्रश्न विचारले की संपलं.

जपानीबद्दलही मी तिला स्पष्ट सांगितलं. मराठी माणसाला सुरुवात गोड वाटते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, वाक्याची घडण ओळखीची. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या, दोन्हींतली मूळ अक्षरं प्रत्येकी 46, तीही चिकाटीने होऊन जातात. मग येतात कांजी, म्हणजे चिनीतून आलेली, अर्थ दाखवणारी चिन्हं. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच 2136 आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना जर्मनसाठी साधारण 36 आठवडे देते आणि जपानीसाठी 88, तेही पूर्णवेळ. आपल्याला वाक्यरचनेचा थोडा फायदा होईल, कांजीत काही सवलत नाही.

मग आठवड्याचा तक्ता भरायला दिला. लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, जाण्यायेण्याचा वेळ वजा केल्यावर भाषेसाठी सहा तास उरले. त्यातले चार जर्मनच्या क्लासचे. "जपानीला कुठून देशील?" ती गप्प.

अशा वेळी मी एक प्रश्न विचारते. "समज, जर्मनचा क्लास उद्यापासून बंद झाला. कसं वाटेल?"

तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुटले, असं वाटेल."

वडील चमकले. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" नातेवाइकांतला एक मुलगा जर्मनीला गेला, म्हणून दहावीनंतर तिला जर्मनच्या क्लासला घातलं होतं. जपानी मात्र ती आपली आपण मोबाईलवर शिकत होती. हिरागाना येत होतं, कुणी सांगितलेलं नसताना.

असं पुष्कळदा होतं. 'आणखी एक शिकू का' म्हणणाऱ्या मुलाला खरं तर पहिली सोडायची असते, पण फी भरलेली असते आणि घरी तोंड उघडायची सोय नसते. ज्यांची पहिली भाषा बी-टूच्या पुढे गेली आहे, किंवा ज्यांना भाषांतर, भाषाविज्ञान असंच काही करायचं आहे, त्यांना मी दुसरी भाषा खुशाल घ्यायला सांगते. बाकीच्यांना आधी हा प्रश्न.

वडिलांची काळजी रास्त होती: सगळं वाया जाणार का? ए-टूचं प्रमाणपत्र बाद होत नाही, फक्त काही विद्यापीठं अलीकडच्या दोन वर्षांतलं मागतात. आणि मास्टर्सला जर्मनीला जायचंच ठरलं, तर इंग्रजीतून चालणारे कोर्स तिथे बरेच आहेत. जर्मन तेव्हा पुन्हा हातात घेता येईल, अगदी पहिल्या पानापासून नाही.

ठरलं ते असं: सेमिस्टरच्या सुट्टीत जर्मन थांबवायचं, जपानी घरीच करायची, आणि कांजीही त्यातच घ्यायच्या. त्यानंतरही ओढ राहिली तरच क्लास. ओढ राहिली. डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानीच्या पातळी-परीक्षेला, तिने एन-फाइव्ह ही सगळ्यात खालची पायरी दिली आणि पास झाली. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, म्हणून बोलायचा सराव वेगळा करायचा, हे मी बजावलंय.

वडील अजूनही फोनवर म्हणतात, बी-वन तेवढं करून घ्यायला हवं होतं. चालू सत्र संपवून मग सोडलं असतं तरी चाललं असतं, असं मलाही वाटतं. तिला वाटत नाही.