मुलगी घरचा मायक्रोवेव्ह मागते आहे, देऊ का?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिला मायक्रोवेव्हमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) तयार करायचे आहेत, म्हणून ती घरचा ओव्हन मागते आहे, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्समध्येच जायचं म्हणते. ओव्हन द्यावा का आणि या वाटेनं पोट भरेल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

स्वयंपाकघरातला ओव्हन देऊ नका. एकदा त्यात रसायन गेलं की पुन्हा अन्न ठेवायचं नाही. कॉलेजनं प्रयोगशाळेसाठी वेगळा ओव्हन ठेवला असेल तर तिथे, सरांसमोर, गॉगल आणि हातमोजे घालून करू द्या. बंद झाकणाची बाटली नको आणि ओव्हनमध्ये अल्कोहोल तर मुळीच नको. वाफेनं भडका उडतो.

प्रयोग अवघड नाही. 100 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात 2.2 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवायचं. दुसऱ्या 100 मिलीत 2 ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड. हे दुसरं द्रावण पहिल्यात ढवळत थेंबथेंब सोडायचं. 40 मिलीच्या आसपास झिंकचा हिशेब पुरा होतो. त्यापुढे पीएच 10 होईपर्यंत अगदी जपून. अल्कली बेसुमार झाली तर झिंकचं झिंकेट हे विरघळणारं संयुग होऊन ते पुन्हा पाण्यात जातं आणि हाती पूड कमी येते. हे दुधट मिश्रण 500 मिलीच्या उघड्या चंचुपात्रात घेऊन ओव्हन 10 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, असं करत 90 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. सलग चालवलं तर ते उसळून बाहेर येतं. घरगुती बनावटीच्या बहुतेक ओव्हनमध्ये ‘कमी पॉवर’ म्हणजे मंद आच नसते, मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग) पूर्ण ताकदीनं चालू-बंद होत असतो. म्हणून एका घाण्याचे कण दुसऱ्या घाण्यासारखे येत नाहीत. पात्राची जागा, एकूण आकारमान आणि सेकंद दर वेळी वहीत लिहायला सांगा.

मग तयार झालेली पूड धुणं. इथे बहुतेक मुलं घाई करतात. धुतलेल्या पाण्याचा पीएच 7 च्या जवळ येईपर्यंत पाण्यानं, शेवटी एकदा इथेनॉलनं. सोडिअम मागे राहिलं तर ते विद्युतक्षेत्रात सरकतं आणि पुढे या पुडीचा पातळ थर देऊन ट्रान्झिस्टर केला तर त्याची मोजमापं भलतीकडेच नेतं. पूड साध्या हवेशीर हॉट एअर ओव्हनमध्ये 80 अंशांना वाळवायची. एवढ्या झिंकपासून जास्तीत जास्त सुमारे 0.82 ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकतं. काट्यावर 1 ग्रॅम भरलं तर आनंद मानू नये: ओल, हायड्रॉक्साइड किंवा ॲसिटेट आत राहिलंय.

क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीत) 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांची तीन शिखरं दिसायला हवीत. 10 अंशांच्या खाली शिखर आलं तर थरांचं हायड्रॉक्सी-ॲसिटेट उरलंय, रूपांतर अर्धवट झालं. 36.3 च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी 0.4 अंश असेल तर शेररच्या सूत्रानं (शिखराच्या रुंदीवरून आकार काढण्याच्या सूत्रानं) स्फटिकाचा आकार सुमारे 21 नॅनोमीटर येतो. तो स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेच स्फटिक एकमेकांना चिकटून दोनशे नॅनोमीटरचे गोळे झालेले दिसू शकतात. तोंडी परीक्षेत हा फरक सांगता आला नाही तर प्रकल्प तिथेच अडतो.

आता तुमचा खरा प्रश्न. पूड करणं हा या विषयातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि तेवढ्यावर इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुणी नोकरी देत नाही. पुडीचा सलग थर बनवणं, त्याला जोडण्या देणं आणि प्रवाह मोजणं, याला किंमत आहे. म्हणून तिला म्हणावं, प्रकल्प एका छोट्या अतिनील संवेदकापर्यंत ने. पूड इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिकवर पसरवून काचपट्टीवर थर द्यायचा, 400 अंशांना अर्धा तास भाजायचा (न भाजता कण एकमेकांना नीट जोडलेच जात नाहीत), चांदीच्या पेस्टचे दोन ठिपके 1 मिलिमीटर अंतरावर. अंधारात साधा मल्टिमीटर बहुधा रेंजबाहेर दाखवेल; भौतिकशास्त्र विभागाकडून सोर्समीटर (अगदी बारीक प्रवाह मोजणारं यंत्र) मागावा. 365 नॅनोमीटरचा एलईडी लावला की प्रवाह वाढतो आणि विझवल्यावर खाली यायला कधी कधी मिनिटं लागतात, कारण पृष्ठभागावरून सुटलेला ऑक्सिजन सावकाश परत चिकटतो. हा आलेख तिच्या हातात असला तर एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत बोलायला खूप काही आहे.

पुढची वाट: आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., विषय रसायनशास्त्र असला तरी घनस्थिती आणि अर्धवाहकांचे पेपर निवडून. मग गेट ही परीक्षा देऊन मटेरिअल्समध्ये (पदार्थविज्ञानात) एम.टेक. किंवा नेट ही पात्रता परीक्षा देऊन संशोधन. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पुण्यात सी-मेट आणि एनसीएल या संशोधन संस्था, मुंबईत आयआयटीचं नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्र, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, ही या कामाची जवळची ठिकाणं. उद्योगात झिंक ऑक्साइड व्हॅरिस्टर आणि सर्ज अरेस्टरमध्ये (विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून उपकरणं वाचवणाऱ्या भागांत) खपतं, तिथे सिरॅमिकचं ज्ञान लागतं. चिपच्या कारखान्यांना मात्र निर्वात यंत्रणा, पातळ थर आणि लिथोग्राफी (चिपवर बारीक नक्षी उमटवण्याचं तंत्र) येणारी माणसं हवीत. नॅनोपुडीच्या भरवशावर तिकडे अर्ज करू नये.

एक काम याच आठवड्यात करायला सांगा. विवर्तन आणि सूक्ष्मदर्शकासाठी नमुने बाहेर पाठवावे लागत असतील तर विभागातून पत्र घेऊन आत्ताच नंबर लावावा. प्रयोग दोन दिवसांत होतो, अहवालाची वाट पाहण्यात सत्र निघून जातं.