एजंट शोधताय? आधी हिशेब मांडा

प्रश्न : माझी पहिली मराठी कादंबरी लिहून झाली आहे, साधारण ६०,००० शब्द. इंग्रजी लेखकांना प्रकाशक मिळवून देणारा एजंट असतो, तसा नागपुरात कुणी मिळेल का? एका गृहस्थांनी आपण ‘लिटररी एजंट’ असल्याचे सांगून ४५,००० रुपये मागितले. पुण्याच्या मोठ्या प्रकाशकाकडे काम लावून देतो म्हणाले. — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पैसे देऊ नका. एजंट लेखकाकडून आधी पैसे घेत नाही. पुस्तक विकले गेले, लेखकाला रक्कम मिळाली, की त्यातला ठरलेला वाटा त्याचा. देशातल्या व्यवहारात तो बहुधा १५ टक्के असतो, परदेशी हक्कांत २० टक्क्यांच्या आसपास. संहिता नुसती वाचायचे पैसे मागणाऱ्यालाही लांबूनच नमस्कार.

मराठीत एजंट का नाहीत, ते आकड्यांतच कळते. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, रॉयल्टी (विकल्या गेलेल्या प्रतीमागे लेखकाचा वाटा) १० टक्के धरा. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला ३०,००० मिळतात. त्याचे १५ टक्के म्हणजे ४,५००, आणि तेही आवृत्ती संपायला लागतील तितक्या वर्षांत. एवढ्यासाठी सहा महिने कोण खपेल? म्हणून मराठी प्रकाशक लेखकाची संहिता थेट घेतात, मधल्या माणसाची गरजच पडत नाही.

त्या गृहस्थांचे काम बहुधा छपाईचा ठेका घेण्याचे असावे. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण मग कोटेशनही छपाईचेच घ्या. डेमी आकारात पानाला २८० शब्द धरले तर तुमची कादंबरी सुमारे २१५ पानांची, म्हणजे १६ पानांचे १४ फर्मे (एकत्र छापून दुमडलेले पानांचे गठ्ठे). कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), बांधणी शिवणीची की नुसत्या गोंदाची, मुद्रितशोधन किती वेळा आणि कोण करणार, प्रत्यक्ष हातात किती प्रती, हे सगळे लेखी मागा. गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण गोंद हलका असेल तर नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत पाने सुटू लागतात. ‘५०० प्रती’ सांगून १०० डिजिटल छापून देणे आणि ‘बाकी मागणीप्रमाणे’ म्हणणे हा नेहमीचा प्रकार आहे. अक्षरजुळणीची मूळ फाइल करारात मागून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून खर्च. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, यासाठी वेगळे पैसे लावले असतील तर ते काढायला सांगा. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो.

आणखी एक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. खिशातून पुस्तक काढून बसलात की ‘पहिले पुस्तक’ हा मान गेला. अर्ज आधी, छपाई नंतर.

प्रश्न : मग प्रकाशकाकडे पाठवायचे कसे? आणि माझ्या कादंबरीतली माणसे ‘मले’, ‘काहून’ बोलतात. ते प्रमाणभाषेत करावे लागेल का? — एक वाचक, महाल

उत्तर : आधी सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत एक दुपार घालवा. तुमच्यासारखी पुस्तके गेल्या तीन वर्षांत कुणी काढली ते पाहून पाच-सहा नावे टिपून घ्या. स्पर्धापरीक्षांची पुस्तके छापणाऱ्याकडे कादंबरी पाठवून टपालखर्च वाया जातो, बाकी काही होत नाही.

पाठवायचे तीन भाग. पहिले अर्ध्या पानाचे पत्र : कादंबरी कशाबद्दल, किती शब्दांची, आधी कुठे काही छापून आले आहे का. दुसरे एका पानाचे कथासूत्र. तिसरे, पहिली तीन प्रकरणे किंवा ५० पाने. कथासूत्रात शेवटही सांगा. ‘पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा’ हे वाक्य मलपृष्ठावर चालते. संपादकाला मात्र शेवट नीट बसला आहे की नाही, हेच तर बघायचे असते. नातेवाइकांचे आणि शाळेतल्या सरांचे अभिप्राय जोडू नका.

टाइप युनिकोडमध्ये करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर नुसते चिन्हांचे कडबोळे दिसते. अशी फाइल उघडली न गेल्यामुळे तशीच पडून राहते आणि लेखकाला वाटते नकार आला. वर्ड आणि पीडीएफ, दोन्ही पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

तीन महिने थांबा, मग एकदा आठवण द्या. एकाच वेळी अनेकांकडे पाठवायला हरकत नाही, पण पत्रात तसे लिहा. एकाने घेतली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. मराठी प्रकाशनव्यवहार लहान आहे, लपत नाही.

बोलीचे म्हणाल तर बदलू नका. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधून वऱ्हाडी १९६० मध्येच मराठी कादंबरीत आली आहे. अडचण संपादकापेक्षा मुद्रितशोधनात येते. बोली ठाऊक नसलेला माणूस ‘तुले’चे ‘तुला’ करतो, ‘करून राहिला’चे ‘करतो आहे’ करतो, तेही काही पानांवरच, आणि मग एकच पात्र दोन भाषा बोलू लागते. यावर उपाय म्हणजे दोन पानांची शब्दसूची : कोणते पात्र कोणती रूपे वापरते, कोणते शब्द जसेच्या तसे ठेवायचे. ती करताना तुमच्या स्वतःच्याही चुका सापडतील, कारण निम्म्या कादंबरीनंतर लेखकही घसरतो.

एखादे प्रकरण कथा म्हणून स्वतंत्र उभे राहत असेल तर ते विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’ नियतकालिकाकडे किंवा दिवाळी अंकांकडे पाठवा. दिवाळी अंकासाठी जून-जुलै गाठा, सप्टेंबरात अंक भरत आलेला असतो.

प्रश्न : प्रकाशकाने होकार दिला. करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी’ असे आहे. सही करू का? — एक वाचक, कामठी

उत्तर : अशीच्या अशी नको. एजंट असता तर त्याने पहिली काट याच ओळीवर मारली असती. ती तुम्ही मारा.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ चे कलम १९ लेखकाच्या बाजूचे आहे. हस्तांतरण लेखी आणि सहीचे हवे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ लिहून देण्यापेक्षा ती जागा कोरी राहिलेली बरी. त्याहून चांगले म्हणजे स्पष्ट लिहिणे : मराठी छापील पुस्तकाचे हक्क, ५ वर्षांसाठी. अनुवाद, ई-बुक, श्राव्य पुस्तक, नाटक, चित्रपट आणि वेबमालिका हे हक्क लेखकाकडे. प्रकाशकाला यातले काही हवेच असेल तर प्रत्येकाचा वाटा वेगळा ठरवा.

रॉयल्टी कशावर, तेही पाहा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. तेच १० टक्के ‘प्रत्यक्ष प्राप्तीवर’, म्हणजे प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर असतील आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली असेल, तर १८. शब्द दोनच, फरक प्रतीमागे १२ रुपयांचा. आवृत्ती किती प्रतींची, वर्षातून कधी हिशेब, आणि पुस्तक बाजारात मिळेनासे झाले तर किती महिन्यांत हक्क परत, ही तीन कलमे नसतील तर घाला.

अशा दुरुस्त्या सुचवल्या म्हणून सहसा कुणी पुस्तक नाकारत नाही. नाकारले, तर करार आधी वाचला हे बरेच झाले.

प्रश्न : माझ्या प्रकाशित कादंबरीचा इंग्रजी अनुवाद व्हावा असे वाटते. तिथे एजंट लागतो का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तिथे उपयोग होतो. इंग्रजीचे मोठे प्रकाशक बहुतेक दिल्ली-गुरुग्रामकडे, आणि एजंटने पाठवलेली संहिता त्यांच्याकडे लवकर वाचली जाते. ‘रायटर्स साइड’, जयपूरची ‘सियाही’ अशा संस्था भारतात हे काम करतात. त्या सध्या काय घेतात ते त्यांच्याच संकेतस्थळावर पाहून घ्या.

पण आधी जुना करार काढून अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत ते बघा. प्रकाशकाकडे असतील तर त्याचे लेखी संमतीपत्र लागेल. ते नसताना अनुवादकाला कामाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर बांधणे. मग ५,००० ते १०,००० शब्दांचा नमुना अनुवाद करून घ्या, पूर्ण पुस्तकाचा नको. इंग्रजी संपादक तुमच्या मराठीला नाही, त्या नमुन्याला हो किंवा नाही म्हणतो, म्हणून अनुवादक स्वस्तातला घेऊ नका.

एजंटशी करार करताना तो एकाच पुस्तकापुरता ठेवा. तोडायची मुदत लिहून घ्या. त्याने जुळवलेल्या सौद्यावरचा वाटा करार तुटल्यावरही त्यालाच जातो, हे रीतीचे आहे. एकच पुस्तक दोन एजंटांना देऊ नका. दोघांनी एकाच संपादकाकडे पाठवले की तो दोघांनाही टाळतो.

प्रश्न : पाठवण्याआधी कॉपीराइट नोंदवावा का? कथा चोरीला गेली तर? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : लिहिले त्या क्षणी हक्क तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये. पाठवलेली ईमेल आणि मसुद्यांच्या तारखा जपून ठेवा. स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने बंद पाकीट पाठवून ठेवण्याची युक्ती नोंदणीची जागा घेत नाही.