पेपरातली शुगर आणि आपली शुगर

14 नोव्हेंबर, म्हणजे जागतिक मधुमेह दिन आला की पेपरांच्या डायबेटिस पुरवण्या येतात, आणि त्या वाचून आमच्याकडे पत्रांचा ढीग येतो. या वेळी 'काय खाऊ, काय नको' यापेक्षा 'पेपरात हे असं का लिहितात' असं विचारणारीच पत्रं जास्त, म्हणून हा कॉलम त्यांच्यासाठी. (गोळी सकाळी घेऊ की रात्री असं विचारणाऱ्यांनो, ते प्लीज तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

प्रश्न : 2023 ला वाचलं की देशात 10 कोटी लोकांना डायबेटिस आहे. पुढच्याच वर्षी आकडा 21 कोटी. आता कुठेतरी 9 कोटी वाचलं. पेपरवाले मनाला येईल ते छापतात का? — निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

काका, मनाला येईल ते नाही, तिन्ही आकडे खरंच कुठून तरी आलेत, फक्त ते मोजले कसे हे छापायला जागा उरली नाही. 10.1 कोटीचा आकडा आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्व्हेचा, जून 2023 चा. चेन्नईच्या डॉ. अंजना आणि डॉ. मोहन यांच्या टीमने 2008 ते 2020 या काळात टप्प्याटप्प्याने देशभर फिरून 1 लाख 13 हजार लोक तपासले, उपाशीपोटी शुगर आणि मग ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी परत शुगर. 21.2 कोटीवाला आकडा नोव्हेंबर 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात जगभरचे सर्व्हे एकत्र करून अंदाज काढलाय आणि उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट), दोन्हीपैकी काहीही एक वाढलेलं असलं तरी डायबेटिस धरलाय. आता आपल्याकडे ॲनिमिया किती ते तुम्हाला माहितीच आहे, आणि अंगात लोह कमी असलं की एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, शिवाय हीच टेस्ट धरायची की ती यावरून आपल्या देशाचा आकडा बराच वरखाली होतो. 9 कोटीचा आकडा आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनचा, 2025 च्या ॲटलासमधला, 20 ते 79 वयाच्या लोकांचा.

म्हणजे दीड वर्षात 11 कोटी नवे पेशंट तयार झाले असं काही नाहीये, मोजपट्टी बदलली. पण 'दुप्पट' हा शब्द दिसला की हेडलाइन करायचा मोह कुणाला आवरतो! आणि ते 'भारत मधुमेहाची राजधानी' सुद्धा तसंच, फेडरेशनच्या यादीत पहिला चीन आहे, लॅन्सेटच्या यादीत पहिले आपण, तरी राजधानी आपलीच, गेली कित्येक वर्षं. माझ्या मते त्या लॅन्सेटमधल्या अभ्यासातली खरी बातमी वेगळीच होती. तिशीच्या वरच्या 13.3 कोटी भारतीयांना डायबेटिस असून उपचारच चालू नाहीत असा अंदाज त्यात आहे. ही ओळ बहुतेक ठिकाणी खाली कुठेतरी गेली. आकड्यावर वाद होईल पण हे लोक कोण, त्यांच्या गावात टेस्टची सोय आहे का, गोळ्या मिळतात का, यावर कुणी रिपोर्टर पाठवला तर खरी स्टोरी होईल.

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलीला टाइप 1 आहे. सासूबाईंनी पेपरातलं कात्रण दाखवलं, 'मुलांमध्येही वाढतोय मधुमेह, जंक फूड कारणीभूत'. तेव्हापासून घरात सगळे मला बोलतात की लाड केलेस, चॉकलेटं दिलीस. शाळेत बाईंनी तिच्या दप्तरातली बिस्किटं काढून घेतली, 'तुला शुगर आहे ना' म्हणून. काय करू? — एक आई, सोलापूर

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो आणि हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा: टाइप 1 चॉकलेटने होत नाही, लाडाने होत नाही, आईच्या कुठल्याच चुकीने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, मग इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. वजन, आळस, बर्गर हे सगळं टाइप 2 च्या, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होणाऱ्या प्रकाराच्या चर्चेतलं आहे, आणि तिथेही एवढं सरळ नाही (खाली त्यावर येतोच). बातमी लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच टोपलीत टाकले आणि त्याचा मार तुम्ही खाताय.

गंमत म्हणजे 14 नोव्हेंबर निवडला तोच मुळी फ्रेडरिक बँटिंगच्या वाढदिवसामुळे, ज्याने 1921 ला टोरांटोत सहकाऱ्यांबरोबर इन्सुलिन शोधलं. पहिला पेशंट कोण होता? लिओनार्ड थॉम्प्सन, वय 14. जानेवारी 1922 ला त्याला पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा तो जवळपास हाडांचा सापळा झाला होता, कारण तोवर उपाय एकच, मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचं. पहिला डोस नीट लागू पडला नाही, औषध अशुद्ध होतं, बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं आणि शुगर खाली आली. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. म्हणजे हा दिवस खरं तर तुमच्या लेकीसारख्या मुलांचा, आपल्याकडे त्याच दिवशी बालदिनही असतो, तरी पुरवणीत फोटो मात्र पोट सुटलेल्या काकांचा आणि शेजारी गुलाबजाम.

शाळेचं म्हणाल तर बिस्किटं काढून घेणं हे नुसतं अज्ञान नाही, धोक्याचं आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची शुगर एकदम खाली गेली तर हात थरथरतात, घाम फुटतो, मूल बावरतं, तेव्हा ताबडतोब साखर तोंडात जावी लागते, थांबलं तर शुद्ध हरपू शकते. डॉक्टरांकडून हे एका कागदावर मराठीत लिहून घ्या आणि वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, पीटीचे सर तिघांनाही द्या. सीबीएसईने 2017 पासूनच टाइप 1 असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेला शुगरच्या गोळ्या, केळं, सँडविच असं आत न्यायला परवानगी दिलीय, तुमची शाळा दुसऱ्या बोर्डाची असली तरी हा दाखला द्या. आणि लेकीला पाकिस्तानचा फास्ट बोलर वसीम अक्रमचं नाव सांगा. त्याला 1997 ला टाइप 1 निघाला, करिअर ऐन भरात असताना, तरी 2003 चा वर्ल्ड कप खेळला आणि वनडेतल्या 500 विकेट तिथेच पूर्ण केल्या. आपल्या बॅट्समनना विचारा तो शुगरमुळे हळू टाकायचा का.

प्रश्न : पान 3 वर डॉक्टरांचा लेख, 'मधुमेह आयुष्यभर सांभाळावा लागतो'. पान 7 वर जाहिरात, 'मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या बंद'. दोन्ही एकाच पेपरात! विश्वास कुणावर ठेवायचा? — वाचक, नाशिक

पान 3 वर. जाहिरातीबद्दल कायदा तर 1954 पासून आहे, औषधं व जादुई उपचार कायदा, त्याच्या यादीत डायबेटिसचं नाव आहे आणि तो बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. तरी येतात, कारण जाहिरातीचे पैसे येतात. पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचं प्रकरण आठवत असेल, सुप्रीम कोर्टात गेलं, एप्रिल 2024 मध्ये 67 पेपरांत माफीनामा छापला आणि कोर्टाने विचारलं की तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढीच मोठी ही माफी आहे का? त्या प्रश्नावर मी जाम खूश झालो. पण या सगळ्या जाहिराती ज्यांनी पैसे घेऊन छापल्या त्या पेपरांबद्दल पेपरात फारसं काही वाचायला मिळालं नाही. तुम्हाला अशी जाहिरात दिसली तर कापून तारखेसकट राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) पाठवा.

आता दुसरी बाजू, म्हणजे कुणी म्हणायला नको. 'रेमिशन', म्हणजे औषधाशिवाय शुगर डायबेटिसच्या रेषेखाली राहणं, हा प्रकार खरा आहे. 2017 ला ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास आला, टाइप 2 होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे लोक, त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपासचे शेक दिले, वर्षाने 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली. मोठी गोष्ट आहे! पण दोन वर्षांनी तेच प्रमाण 36 टक्के, वजन परत चढलं की शुगर परत. आपल्याकडे याचं हेडलाइन झालं 'मधुमेह बरा होतो' आणि मग लोक स्वतःच्या मनाने गोळ्या सोडून दिवसातून दोनदाच जेवणं सुरू करतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केलीत तर शुगर धाडकन खाली येते, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : केजरीवालांच्या आंब्याच्या बातम्यांपासून आमच्याकडे माझ्या ताटात कुणी आंबा वाढेना. आम्ही देवगडचे हो! — एक आजोबा

आजोबा, हा अन्यायच. एप्रिल 2024 ची ती बातमी, ईडीने कोर्टात म्हटलं की तुरुंगात केजरीवाल (तेव्हा दिल्लीचे मुख्यमंत्री) आंबे, मिठाई खाऊन मुद्दाम शुगर वाढवतायत, जामिनासाठी, वकील म्हणाले घरून आलेल्या 48 जेवणांपैकी आंबा फक्त तीनदा होता, मग कोर्टाने एम्सचं मेडिकल बोर्ड नेमायला सांगितलं आणि इन्सुलिन दिलं गेलं. राजकारणात कोण खरं ते बाजूला ठेवू, पण त्या आठवड्यात टीव्हीपासून पेपरापर्यंत सगळ्यांनी मिळून एका पेशंटचं ताट मोजलं, आणि तेव्हापासून घरोघरी प्रत्येक शुगरवाल्याच्या ताटावर नजर आहे. शुगर ताब्यात असेल तर जेवणावर आमरसाची वाटी न घेता मधल्या वेळी दोन-तीन फोडी, आणि दोन तासांनी घरच्या मीटरवर बघा. मीटरचा आकडा सुनबाईंना दाखवा, पेपर नको.

प्रश्न : मी बारीक आहे, 58 किलो. शुगर निघाली तर ऑफिसात सगळे म्हणतात 'तुला कशी काय?' — पुणे

तुमच्या शहरातच याचं उत्तर आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी 2004 ला लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) डिट्टो सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात 21.2 टक्के! वरून बारीक, आतून चरबी, हे आपल्याकडे भरपूर दिसतं आणि ते जन्मापासूनच कसं असतं यावर याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून काम केलंय. जाड माणसाचा फोटो लावून लावून पेपरांनी बारीक माणसांना गाफील ठेवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफिसवाल्यांना ते दोन फोटो दाखवा, आणि ते हसले की विचारा, तुमची शुगर शेवटची कधी तपासलीत?

प्रश्न : गोव्यात 26 टक्के म्हणजे चौघांत एकाला. आम्ही घरात पाच जण, मग एकाला होणारच ना? — म्हापसा

नाही हो, तसं नसतं. 26.4 टक्के हा वर सांगितलेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्व्हेतला, राज्यातल्या वीस वर्षांपुढच्या लोकांचा आकडा आहे, घरागणिक वाटलेला नाही. आईवडिलांना असेल तर तुमची शक्यता जास्त, वय आणि कंबर वाढली तर अजून जास्त. तिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि त्याच यादीत सगळ्यात कमी, 4.8 टक्के आला म्हणून उत्तर प्रदेशला कुणी शाबासकी देऊ नये, तिथे एका डायबेटिसवाल्यामागे जवळपास चार जण प्रीडायबेटिसवाले, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे निघालेत.