लुआऊचे निमंत्रण आणि शाकाहारी पाहुणे

प्रश्न : माझा मुलगा होनोलुलूला नोकरी करतो आणि लवकरच आम्ही उभयता त्याच्याकडे जात आहोत. त्याच्या एका हवाईयन सहकाऱ्याच्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे. त्यानिमित्त त्यांच्या घरी लुआऊ, म्हणजे तिथली पारंपरिक मेजवानी आहे आणि आम्हांलाही आग्रहाचे बोलावणे आले आहे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. तिथे अख्खे डुक्कर जमिनीत पुरून शिजवतात असे ऐकले. आम्ही जावे का? गेलो तर काय खावे, यजमानांचे मन न दुखावता नकार कसा द्यावा आणि आहेर काय न्यावा? मुलाने एका हॉटेलातील लुआऊची तिकिटेही काढली आहेत. तेवढे पाहून घरच्या बोलावण्याला नाही म्हटले तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपण अवश्य जावे, आणि दोहोंपैकी एकच निवडायचे झाल्यास घरचे निमंत्रण निवडावे. हवाईत बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची मेजवानी ही मोठ्या मानाची गोष्ट समजली जाते. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी, विशेषतः 1848 मध्ये सुरू झालेल्या गोवर आणि डांग्या खोकल्याच्या साथींनी, त्या बेटांवर असंख्य माणसे आणि तान्ही मुले दगावली. बाळाने वर्ष पुरे केले याचा आनंद सगळ्या गोतावळ्याला बोलावून साजरा करण्यामागे त्या काळाची आठवण आहे, असे तिथली मंडळी सांगतात. अशा घरी बोलावणे येणे आणि तिकीट काढून कार्यक्रम पाहणे यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे वळू. निमंत्रण स्वीकारतानाच मुलाकरवी यजमानांना स्पष्ट सांगावे की आम्ही मांस, मासे आणि अंडी खात नाही, आमच्यासाठी वेगळे काही करू नये, फक्त कोणत्या पदार्थात काय आहे ते दाखवून द्यावे. ऐन पंगतीत नकार देण्यापेक्षा आधी सांगणे दोन्ही बाजूंना सोयीचे असते. हे सांगणे अधिकच आवश्यक आहे, कारण पदार्थ केवळ पाहून ओळखता येत नाहीत. टोमॅटो आणि कांदा बारीक चिरलेला दिसेल, पण त्यात मीठ लावलेला कच्चा सामन मासा असतो. पारदर्शक शेवयांचा एक पदार्थ असतो, तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. अळूची पाने नारळाच्या दुधात शिजवलेली दिसतील, पण त्यांत बहुधा कोंबडी किंवा माकूळ घातलेले असते. बटाटा-मॅकरोनीच्या सॅलडमध्ये अंड्याचे मेयोनेज असते.

जमिनीतल्या भट्टीला ‘इमू’ म्हणतात. दक्षिण गुजरातेत हिवाळ्यात मडक्यात कंद भरून, भोवती आग घालून जे उंबाडियुं करतात, त्याच जातीची ही युक्ती आहे, फक्त आकार फार मोठा. खड्ड्यात लाकडे पेटवून ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड लालबुंद तापवतात, त्यांवर केळीच्या सोपटांचा ओला थर आणि ‘टी’ नावाच्या झुडपाची पाने पसरतात, त्यावर डुक्कर ठेवतात, पुन्हा पाने आणि ओली पोती घालून वर माती लोटतात आणि कित्येक तास वाफेवर शिजू देतात. रताळी आणि विलायती फणसही पुष्कळदा त्याच खड्ड्यात, त्याच वाफेत शिजतात. रताळे शाकाहारीच असते, परंतु आपला नियम कडक असेल तर ते इमूतले आहे की स्वयंपाकघरातले, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

पोई या तिथल्या कंदाच्या पदार्थाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यासारख्या पाहुण्यांना त्या पंगतीत खरा सहभाग घेता येतो तो इथेच. आपण वडोदऱ्यात ज्या पानांची पात्रा किंवा अळूवडी करतो, त्याच वनस्पतीला हवाईत ‘कालो’ म्हणतात. तिचा कंद शिजवून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात आणि पाणी घालत घालत तो मऊ, किंचित जांभळट लगद्यासारखा करतात. तीच पोई. ताजी पोई बेचव वाटते, दोन-तीन दिवस ठेवली की आंबूस होते, आणि जुनी मंडळी आंबलेलीच पसंत करतात. ती बोटांनी खातात, त्यामुळे आपल्याला अवघडल्यासारखे होण्याचा प्रश्नच नाही. जोडीला जाडे समुद्री मीठ किंवा भाजलेल्या कुकुई बियांची चटणी चिमूटभर घ्यावी.

हवाईयन परंपरेत कालो ही नुसती भाजी नाही. वाकेआ या आकाशपित्याचे पहिले अपत्य मृत जन्मले, ते पुरले त्या जागी कालोचे रोप उगवले आणि पुढे जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज झाला, अशी त्यांची कथा आहे. म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ ठरतो. म्हणूनच पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडण करायचे नाही असा तिथला जुना दंडक आहे. पोईला नाक मुरडणारे किंवा तिला खळ म्हणून हसणारे प्रवासी यजमानांना किती लागेल असे बोलून जातात, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. आपण दोन बोटे पोई मनापासून खाल्लीत, तर डुक्कर आणि मासे नाकारल्याचे कोणालाही वाईट वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

पोटभरीसाठी साधा पांढरा भात बहुतेक असतोच. गोडात हाऊपिया, म्हणजे नारळाच्या दुधाच्या घट्ट वड्या, आणि कालो व नारळ यांचे कूलोलो हे दोन्ही मुळात शाकाहारी आहेत. आज हाऊपिया सगळ्यांच्या पानात पडते, पण 1819 पर्यंत तिथे स्त्रियांना नारळ, डुकराचे मांस आणि बहुतेक जातींची केळी वर्ज्य होती आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे हा गंभीर गुन्हा होता. त्या वर्षी राणी काआहूमानू आणि राजमाता केओपुओलानी यांच्या पुढाकाराने तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीला बसला आणि तो निर्बंध मोडला. आज आपण उभयता शेजारी शेजारी बसाल, ती रीत तेव्हापासूनची आहे.

जेवणापूर्वी प्रार्थना होते, ती संपेपर्यंत कशालाही हात लावू नये. वडीलधाऱ्यांना तिथे नाते नसले तरी अंकल, आंटी असेच म्हणतात. भेटताना मिठी मारून गालाला गाल लावण्याची पद्धत आहे. नको वाटल्यास हसतमुखाने हात जोडावेत. गळ्यात फुलांची लेई घातली तर ती नाकारू नये, देणाऱ्यासमोर काढू नये, आणि नंतर कचऱ्याच्या पेटीत न टाकता झाडाच्या फांदीवर ठेवावी किंवा मातीत मिसळू द्यावी.

आहेरासाठी बाळाच्या नावाने पाकीट द्यावे, तिथेही तशी रीत आहे. सोबत वडोदऱ्याची सीलबंद भाकरवडी किंवा लीलो चेवडो नेण्यास हरकत नाही, मात्र विमानतळावर ते जाहीर करावे, आणि ताजी फळे, फुले, बिया किंवा रोपे मुळीच नेऊ नयेत.

हॉटेलातील कार्यक्रमाला वेळ असल्यास दुसऱ्या दिवशी जावे. तिथे हुला या हवाईच्या पारंपरिक नृत्याखेरीज आगीच्या सुऱ्यांचा नाच असतो, तो सामोआचा आहे, आणि झपाट्याने कंबर हलवण्याचे ढोलावरचे नृत्य ताहितीचे. हे माहीत असले म्हणजे हवाईचा स्वतःचा हुला वेगळा पाहता येईल. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली 1830 मध्ये त्याच्या जाहीर सादरीकरणावर बंदी आली होती, आणि राजा कालाकाउआने 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात त्याला पुन्हा मानाने उभे केले. घरच्या लुआऊतही एखादी आजी उठून हुला करील. तेव्हा मोबाइल समोर धरण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी.