अकरावर अडकलेलं हिमोग्लोबिन

यावेळी रक्तावरची पत्रं जरा जास्तच आली. सगळी घेणं शक्य नाही, चार घेतलीत. नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न : सर, माझी मुलगी २६ वर्षांची, हिंजवडीला आयटीत आहे. शाळेत असल्यापासून तिचं हिमोग्लोबिन अकराच्या पुढे जातच नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, खजूर, बीट, अळिवाचे लाडू सगळं झालं. परवा ऑफिसच्या चेकअपनंतर तिथल्या डॉक्टरांनी वेगळी टेस्ट करायला लावली आणि रिपोर्टवर 'बीटा थॅलेसेमिया ट्रेट' असं आलंय. दिवाळीनंतर साखरपुडा आहे. आमच्या दोघांच्याही घरात असलं काही नाही. हे बरं होतं का? आणि मुलाकडच्यांना सांगायचं का? यजमान म्हणतात कशाला उगाच. (कोथरूड)

उत्तर : ताई, आधी श्वास घ्या. ट्रेट म्हणजेच थॅलेसेमिया मायनर, हा आजार नाहीये, मुलगी वाहक आहे एवढंच. मायनरचं पुढे मेजर, म्हणजे थॅलेसेमियाचा गंभीर आजार, होत नाही, कधीच नाही, हे शेजारच्या काकूंनाही सांगा कारण ते कुणीतरी बोलणारच. बरं होतं का म्हणाल तर नाही, जन्मापासून आहे आणि राहणार, पण बरं करण्यासारखं त्यात काही नाही. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक वाहक आहेत, म्हणजे तुमच्या बसमध्ये दोन जण तरी असतील आणि त्यांना पत्ताही नसेल.

आता तुम्ही पाठवलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, बघा. हिमोग्लोबिन ११.१, एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार ६३, आणि तांबड्या पेशींची संख्या ५.७, म्हणजे ५७ लाख. इथेच सगळी गोम आहे. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही साधारण घसरते. तुमच्या मुलीच्या पेशी लहान आहेत पण संख्येला भरपूर आहेत. डबे लहान, म्हणून कारखान्याने डबे जास्त काढले. एमसीव्हीला संख्येने भागायचं, ६३ भागिले ५.७ म्हणजे ११, आणि हा आकडा १३ च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. हे काही पक्कं निदान नाही हं, नुसता इशारा, १९७३ पासून माहीत असलेला, कागद-पेन्सिलने होणारा. इतकी वर्षं इतके सीबीसी झाले आणि कुणी हा भागाकार केला नाही याचं मला वाईट वाटतं, पण खरं सांगू, आपण सगळेच हिमोग्लोबिनचा एक आकडा बघतो आणि कागद घडी करून फाइलीत टाकतो.

पक्कं निदान झालं ते एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकारावरून, तो ५.३ टक्के आलाय, ३.५ च्या वर म्हणजे वाहक. त्यामुळे गोळ्यांचं काय ते आधी ठरवा. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट, करून घ्या. ते कमी असेल तर लोह जरूर द्या, वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते. फेरिटिन नीट असेल तर गोळ्या बंद, उगाच शरीरात लोह कशाला साठवायचं. खायच्या बीटाचं म्हणाल तर त्याचा लाल रंग लोहाचा नाही, वेगळ्याच रंगद्रव्याचा आहे, लोह त्यात बेताचंच. अळिवाचे लाडू खाऊ देत, छान लागतात.

"आमच्या घरात असलं काही नाही" हे मात्र बरोबर नाही. हे आईकडून किंवा बाबांकडूनच येतं. तुमच्या दोघांपैकी एक जण जवळजवळ नक्की वाहक आहे आणि आयुष्यभर धडधाकट राहिलाय. दोघांनीही टेस्ट करा, धाकटा मुलगा असेल तर त्याचीही. आणि कुणाकडून आलं यावरून घरात भांडण नको, प्लीज.

आता सांगायचं का. पत्रिकेऐवजी रिपोर्ट जुळवा हे भाषण मी देणार नाही, तुम्ही ते दहादा ऐकलं असेल. मी फक्त हिशेब मांडतो. होणारा जावई वाहक नसेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला मायनर असण्याची शक्यता निम्मी, मेजर नाही. मुलगाही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची, आणि मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं. त्यामुळे मुलाची सीबीसी आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी टेस्ट, हवीच, आणि ती टेस्ट करायला लावायची तर कारण सांगावंच लागणार ना. एचपीएलसीत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही दिसतो ते बघून घ्या, कारण मुलगा सिकलचा वाहक असेल तर बीटा थॅलेसेमियाबरोबर तीही जोडी त्रासाची ठरते. दोघं वाहक निघाले तरी लग्न मोडायचं काही कारण नाही, गरोदरपणात १० ते १२ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन तपासता येतं. पण ते त्या दोघांना आधी माहीत हवं. यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे.

प्रश्न : एका लॅबमध्ये १२.४ आलं, दुसरीकडे ११.८. कोण खोटं? (सिंहगड रोड)

उत्तर : कुणीच नाही. बोटातून घेतलं की शिरेतून, पाणी किती प्यायलात, एवढ्यानेही अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो. लॅब बदलत बसू नका.

प्रश्न : सर, मी एफवाय बीएस्सीला आहे. पुस्तकात लिहिलंय तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. मग डीएनए नाही, तरी ती एवढं हिमोग्लोबिन बनवते कशी? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या परीक्षेला येत नाही. (हडपसर)

उत्तर : परीक्षेला येत नाही म्हणूनच विचारायला मजा आहे. तर ऐक. पूर्ण पिकलेली तांबडी पेशी काहीच बनवत नाही, ती भरलेली पिशवी आहे, साधारण २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू घेऊन १२० दिवस फिरते आणि संपते. बनवायचं काम आधी होतं, बोनमॅरोमध्ये म्हणजे हाडातल्या मगजात, केंद्रक असताना. मग पेशी केंद्रक बाहेर टाकून देते, पण टाकण्याआधी ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीनचे, भरपूर एमआरएनए म्हणजे डीएनएच्या नकला काढून ठेवते, आणि त्या वाचून प्रोटीन बनवणारे रायबोसोम तर आत असतातच. म्हणजे मुख्य आचारी घरी गेला पण पाककृतीचे कागद आणि चार हात मागे राहिले. या अवस्थेला रेटिक्युलोसाइट म्हणतात, ती रक्तात येऊनही दिवसभर तरी हिमोग्लोबिन बनवत राहते. आम्ही प्रॅक्टिकलला ब्रिलियंट क्रेसिल ब्लू घालून स्लाइड करायचो, त्यात काही पेशींमध्ये बारीक निळी जाळी दिसायची. ती जाळी म्हणजे उरलेल्या रायबोसोमचा आरएनए. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं काच धुतली नाही.

आणि गंमत बघ, केंद्रक नाही आणि जवळजवळ एकच प्रोटीन बनतंय, अशी पेशी म्हणजे संशोधकांना आयती प्रयोगशाळाच मिळाली. सशाला फिनाइलहायड्रॅझिन देऊन अॅनिमिक करायचं की त्याचं रक्त रेटिक्युलोसाइटने भरून जातं. १९६१ मध्ये हॉवर्ड डिंट्झिस यांनी अशाच पेशींना किरणोत्सारी ल्यूसीन हे अमिनो आम्ल दिलं, पेशी थंड ठेवून काम हळू केलं, आणि दाखवलं की प्रोटीनची साखळी अमिनो टोकाकडून सुरू होते आणि एकेक अमिनो आम्ल जोडत दुसऱ्या टोकाला जाते. तू पुस्तकात एका ओळीत जे पाठ करतोस ना ते इथून आलंय. एकाच एमआरएनएवर रायबोसोम माळेसारखे ओळीने बसतात, त्याला पॉलिसोम म्हणतात, तेही याच पेशींत दिसलं, बहुतेक पाच-पाच मण्यांची माळ. अल्फा साखळी १४१ अमिनो आम्लांची, बीटा १४६ ची, दोन अल्फा आणि दोन बीटा जुळल्या, प्रत्येकीत हीम हा लोहाचा भाग बसला, की एक हिमोग्लोबिन.

आता हे वरच्या कोथरूडच्या पत्राला जोड. लोह नसेल तर हीम बनत नाही, आणि हीम नसलं की एचआरआय नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ग्लोबिन बनवणाऱ्या यंत्रालाच ब्रेक लावतं. पेशी शहाणी आहे, भाजी नसेल तर पोळ्या लाटत बसत नाही. थॅलेसेमियात अडचण वेगळी. बीटा साखळी कमी बनते पण अल्फा बनतच राहते, जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीतच साचतात आणि मेजरमध्ये तर पेशी बोनमॅरोतच मरते. हे नुसतं तर्काने नाही सांगितलं कुणी, १९६५ मध्ये वेदरॉल, क्लेग आणि नॉटन यांनी रुग्णांच्या रेटिक्युलोसाइटना किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन दोन्ही साखळ्या किती बनतात ते मोजून दाखवलं. सशावरची युक्ती माणसाच्या आजारापर्यंत आली ती अशी. सिकलसेलमध्ये याउलट साखळी पुरेशी बनते, पण बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, ते इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकातच शोधलं. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारकडे जाशील तेव्हा हे एक अक्षर किती महाग पडतं ते दिसेल.

प्रश्न : भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, ९ वर्षांचा, दर तीन आठवड्यांनी रक्त. परदेशात जीन बदलून बरं करतात असं वाचलं. आम्ही थांबावं का? (पिंपरी)

उत्तर : खरं आहे, पण थांबू नका. ती ट्रीटमेंट अशी आहे की रुग्णाच्याच स्टेमसेलमध्ये, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये, बीसीएल११ए नावाच्या जीनचा स्विच कापतात, त्यामुळे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन, ज्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, ते परत बनायला लागतं. गॅमा सगळ्यांकडेच असतो, जन्मानंतर बंद पडत जातो, म्हणूनच मेजर बाळ पहिले काही महिने चांगलं दिसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, मग अमेरिकेने. मात्र ती १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी दिली गेली, आधी जोरदार केमो घ्यावी लागते, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. रुपयात करू नका, झोप उडेल.

तुमच्याकडे आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे, सख्खं भावंड आहे का आणि त्याचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळतं का. प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट लहान वयात जितकं लवकर तितकं बरं, यकृतात लोह साचायच्या आत. आणि लोहाचंच सांगतो, रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं आणि ते बाहेर काढायची सोय शरीराकडे नाही. रक्त वेळेवर चढवतात पण लोह काढायची गोळी मुलं पोट दुखतं म्हणून टाळतात, आणि घरचेही जाऊ दे म्हणतात. तुमच्या पत्रात गोळीचा उल्लेखच नाही. भाच्याचं वजन, गोळीचं नाव, डोस आणि शेवटचे तीन फेरिटिन पाठवा.