घरातला स्विच किंवा पॉइंट बदलायला परवानाधारक वायरमन लागतो का?

जुन्या जागी तसाच पंखा, दिवा, फ्यूज किंवा स्विच बसवायला लागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तेवढी सूट आहे, पण वायरिंगची क्षमता बदलायला नको.

लोक फसतात ते गीझरला. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. 6 अँपिअरचं सॉकेट काढून त्याच 1.5 चौ. मिमी वायरवर 16 चं लावलं की एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडू शकतो. मग कुणीतरी एमसीबी मोठा टाकतो, आणि भिंतीतली वायर तापून इन्सुलेशन (तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण) वितळू शकतं. हे अजिबात करू नका. 2.5 ची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग हवंच, आणि हे काम परवानाधारक ठेकेदाराचं. नवीन वीजजोडणीसाठी त्याचा टेस्ट रिपोर्टही लागतो. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगओहम आहे ना, हे समोर उभं राहून बघा.